पट्टीखालची भिंत

खुर्चीमागच्या भिंतीवरचा तेलाचा डाग दोनदा रंग देऊनही वर आला होता. मटार सोलता सोलता सासूबाई तिथेच डोकं टेकून पेंगायच्या. त्या गेल्याला वर्ष होत आलं. डाग मात्र मुक्काम ठोकून होता.

"त्यावर काहीतरी चित्रबित्र काढून टाक," कामावर निघताना नवरा म्हणाला होता. "आल्यागेल्याची नजर तिथेच जाते."

म्हणून बाळ झोपल्याबरोबर सुनेने खुर्ची बाजूला ओढली आणि भिंतीवर कागदी चिकटपट्टीच्या तिरक्या रेघा चिकटवायला घेतल्या. रेघांच्या मधे रंग भरायचे. घरात उरलेला पिवळा, थोडा राखाडी, आणि डागाच्या जागी गडद निळा.

सासरे पेपर घेऊन बसले होते. पान काही उलटत नव्हतं.

"कशाचं चित्र म्हणायचं हे?"

"अमूर्त आहे, बाबा. कशाचंच नसतं ते."

"कशाचंच नाही, आणि त्यासाठी एवढी मापं?"

ती हसली.

"आणि या पट्ट्या?"

"पट्टीखाली रंग जात नाही. शेवटी काढून टाकायची, की खालची भिंत जशीच्या तशी."

"जशीच्या तशी," ते म्हणाले, आणि पुन्हा पेपरात गेले.

तेवढ्यात आतून भोकाड ऐकू आलं. "उठल्या महाराणी," म्हणत ती आत धावली. दूध, ढेकर, लंगोट, पुन्हा दूध. बाहेर यायला तिला बराच वेळ लागला.

आली तेव्हा सासरे जागेवरच होते. पण भिंतीवरच्या डागावर पट्ट्या बसल्या होत्या. एकीला एक लागून, कुठे फट नाही. कडा कातरीने गोल कापलेल्या. तेलकट जागी चिकटपट्टी धरत नाही, म्हणून प्रत्येक पट्टी नखाने दाबून दाबून बसवलेली. रीळ जवळजवळ संपलं होतं.

"बाबा, हे काय?"

"डाग झाकायचा होता ना तुम्हाला? झाकला." त्यांनी मान वर केली नाही.

असं झाकलं तर तो राहतो, हे सांगायला तिने तोंड उघडलं. मग तिला त्यांचा अंगठा दिसला. नखात पट्टीचा कागद अडकला होता.

"हिला घेता का जरा?" ती म्हणाली. बाळ त्यांच्या मांडीवर दिलं आणि निळा रंग त्या गोलाच्या कडेकडेने, अगदी काठापर्यंत नेला.

पट्ट्या काढायची वेळ आली तशी त्यांनी बाळ तिच्याकडे दिलं. "मी काढतो." बाकीच्या त्यांनी भराभर ओढल्या. मधल्या मात्र जखमेवरची पट्टी सोडवावी तशा, फुंकर घालत.

संध्याकाळी नवरा खांद्यावरची बॅगही न काढता भिंतीसमोर उभा राहिला.

"मस्त झालंय गं. पण मधे हे गोल काय? डाग तर तसाच राहिला की."

सून काही बोलणार, तोच सासऱ्यांनी खुर्ची पुन्हा जागेवर आणली. मागे रंग ओला होता, म्हणून भिंतीपासून वीतभर पुढे ठेवली. मग शेजारच्या स्टुलावर बसले. खुर्ची रिकामीच ठेवली.

"अमूर्त आहे ते," ते म्हणाले. "कशाचंच नसतं."