आठ हजार पावलं

"हात पुढे कर," क्रेनवाल्यानं बायकोला सांगितलं, पावलं मोजायचा पट्टा तिच्या मनगटावर बांधला आणि तो पुन्हा पांघरुणात शिरला.

"अहो, आज शेवटचा दिवस. आज तरी स्वतः चला की," ती बुटांच्या नाड्या बांधत म्हणाली. "टेकडी चढायचीय आज. मला कालपासून जरा दम लागतोय."

"बघ! म्हणूनच मी चालत नाही," आतून आवाज आला.

ती हसली. अठ्ठावीस वर्षं संसार केल्यावर बाई असल्या बोलण्यावर हसतेच, दुसरं करणार काय? दार ओढून घेऊन ती गेली.

या आरोग्य केंद्रात तो काही हौसेनं आला नव्हता. बंदरावर तो क्रेन चालवायचा. क्रेनची केबिन एकशे चाळीस पायऱ्यांच्या शिडीवर. गेल्या महिन्यात अर्ध्या शिडीवर तो धापा टाकत लटकून राहिला आणि नेमकं ते साहेबांनी पाहिलं. झालं! केंद्रात दहा दिवस राहायचं, मोजून-मापून जेवायचं, रोज आठ हजार पावलं चालायची, शेवटच्या दिवशी टेकडी चढायची. डॉक्टरांचा दाखला मिळाला तर क्रेन परत, नाहीतर फाटकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे. फाटकाच्या नुसत्या कल्पनेनं त्याला रडू यायचं. वर केबिनमध्ये तो राजा होता. तिथून साहेबसुद्धा मुंगीएवढा दिसायचा.

जेवणात लबाडीला वाव नव्हता. आहार सांगणारी बाई समोर उभी राहायची आणि एकेक घास बत्तीस वेळा चावायला लावायची. पहिल्या दिवशी आकडे मोजता मोजता आपण काय खातोय हेच तो विसरला. पाचव्या दिवशी मात्र गडी चक्क गाजर मागून घेऊ लागला. गाजराला चव असते, हे त्याला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळलं. पोट आत गेलं, कमरेच्या पट्ट्याची दोन भोकं वाढली आणि त्याचा तोराही.

चालण्याचं मात्र काही जमेना. पहिल्या सकाळी वळणापर्यंत सहाशे पावलं टाकून तो परत आला आणि आडवा झाला. दुसऱ्या दिवशी बायकोनंच हात पुढे केला. "द्या तो पट्टा इकडे. सोबत म्हणून आलेय, दिवसभर बसून मला तरी काय काम? उद्या तुम्हाला फाटकावर बसवलं, तर घरी येऊन माझंच डोकं खाल." शांतपणे, एकट्यानं चालायचं, असा केंद्राचा नियमच होता. त्यामुळे कुणाला काही कळायचा प्रश्न नव्हता. रोज संध्याकाळी डॉक्टर आकडा बघायचे आणि त्याची पाठ थोपटायचे. तोही लाजरा चेहरा करून पाठ थोपटून घ्यायचा.

आताही तो मजेत लोळत होता. टेकडी संपली की दाखला, दाखला मिळाला की क्रेन. तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टर होते.

"आहात तिथेच थांबा. एक पाऊलही पुढे टाकू नका."

"नाही टाकत," तो उशी सारखी करत म्हणाला.

"चेष्टा नाही ही. तुमच्या हृदयाचे ठोके भलतेच चुकताहेत. पट्टा नुसती पावलं मोजत नाही हो, मला इथे ठोकेही दिसतात."

त्यानं छातीवर हात ठेवला. आत सगळं ठणठणीत चाललं होतं. "पट्टा बिघडला असेल, डॉक्टर."

"दोनदा तपासला. कालही थोडं दिसत होतं, मला वाटलं दमला असाल. चुकलंच माझं. आत्ता बसलात तर औषधावर भागेल. चढत राहिलात तर मात्र काही सांगता येत नाही."

त्याला एकदम हायसं वाटलं. हे हृदय आपलं नाहीच! त्याला हसूच फुटलं. हसता हसता त्याची नजर टेबलाकडे गेली. तिथे बायकोचा फोन पडला होता. रोजच्यासारखा ती तो विसरून गेली होती.

हसू जागच्या जागी विरलं. तो तसाच अनवाणी दाराबाहेर पडला, व्हरांडा ओलांडला आणि टेकडीच्या वाटेला लागला. लागला म्हणजे धावतच सुटला.

"ऐकताय ना?" कानाशी डॉक्टर बोलत होते. "बसलात का? माणसं स्ट्रेचर घेऊन निघालीत. जाड, टक्कल पडलेले गृहस्थ, असं सांगितलंय मी त्यांना. वाटेवर दिसालच तुम्ही."

म्हणजे ती माणसं तिच्या शेजारून जाणार आणि पुढे निघून जाणार. ती बिचारी बाजूला सरकून त्यांना वाट देणार. तशीच होती ती.

क्रेन त्याच्या डोळ्यांपुढून गेली. वरची केबिन, खालचं पाणी, मुंगीएवढे साहेब. मग फाटकही गेलं.

"बोला ना! नेमके कुठे आहात तुम्ही?"

"डॉक्टर, मी खाली आहे," तो धापा टाकत ओरडला, "दहाही दिवस खालीच होतो. वर माझी बायको आहे, तिला बसवा!"