साहेबांचं ठरलेलं गाणं

कॅराओकेला गेलं की विभागप्रमुख तोकोनामी साहेबांचं गाणं ठरलेलं असायचं. ओसाड बंदर, पडणारा बर्फ आणि बोटीने निघून गेलेली बायको. साहेबांचा आवाज असा की बायको का गेली हे लगेच कळावं. त्या गाण्याला ऑफिसात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, आणि तिसऱ्या कडव्याला त्यांच्या हाताखालच्या कुरामोचीने रडायचं, हा अकरा वर्षांचा शिरस्ता. हात पुसायला मिळणारा ओला रुमाल तो हळूच डोळ्यांत पिळायचा. बढतीसाठी माणूस काय काय करतो!

आज साहेबांचा निरोप समारंभ होता. माइक हातात घेऊन ते कुरामोचीच्या कानाशी वाकले.

"आता जाताजाता खरं सांगतो. हे रडगाणं मला कधीच आवडलं नाही. डोकं उठतं माझं."

कुरामोचीच्या हातातला रुमाल तसाच राहिला. "अहो साहेब, मग अकरा वर्षं गायलात कशाला?"



"अरे, पहिल्या वेळी हे चुकून लागलं आणि तू ढसाढसा रडलास. म्हटलं, बिचाऱ्याचं काहीतरी आतलं दुखणं असेल, तेवढंच मोकळं होईल. आज तुझ्यासाठी दोनदा लावलंय!"