ब्रश केल्यावर

"सगळेच काढायचे?" लेकीने विचारलं.

वृद्धाश्रमाच्या मेट्रनने संमतीचा कागद पुढे सरकवला. "चौदा उरलेत. हलतायत, हिरड्यांतून रक्त येतं. वयच झालंय हो तुमच्या वडिलांचं. गुरुवारी डॉक्टर येतायत, तेवढी सही करा."

लेकीने सही केली नाही. ती सरळ वडिलांच्या खाटेपाशी गेली. बाबा जन्मभर बेकरीत भट्टीपुढे उभे राहिलेले. पावाची कड दाताने तोडून, आच बरोबर लागली की नाही ते सांगायचे. आता पक्षाघाताने उजवा हात गेला होता आणि डाव्या हाताला ब्रश धरवत नव्हता.

"बाबा, आ करा."

तोंडाला पुदिन्याचा छान वास होता. पण हिरड्यांच्या कडेला पिवळट, बुळबुळीत थर साचला होता. लेक बावीस वर्षं दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. तिला जास्त बघावंच लागलं नाही.

"यांना ब्रश कोण करतं?"

"रोज दोनदा तोंड स्वच्छ होतं," असं म्हणून मेट्रनने भिंतीवरचा तक्ता दाखवला. 'तोंड' या रकान्यात बरोबरच्या खुणा होत्या. एक दिवसही सुटलेला नव्हता.

तेवढ्यात मावशी ट्रॉली ढकलत आली. ट्रॉलीवर निळ्या माउथवॉशच्या इवल्याशा कपांची रांग होती. तिने कप बाबांच्या तोंडाला लावला. बाबांनी खळखळून चूळ भरली आणि ते भांड्यात थुंकले. मावशीने तक्त्यावर खूण केली आणि ट्रॉली पुढे ढकलली.

"मावशी, ब्रश?"

मावशीने मेट्रनकडे चोरून पाहिलं. "वीस जण आहेत, ताई, आणि मी एकटी. मोठ्या बाई म्हणाल्या, औषधाने जंतू मरतात, मग घासत कशाला बसायचं?"

लेकीने बाबांचं कपाट उघडलं. दर तीन महिन्यांनी ती नवा ब्रश पाठवत होती. सातही ब्रश वेष्टनासकट तिथेच पडलेले. कपाटाच्या दाराला तिनेच चिकटवलेली डॉक्टरांची चिठ्ठीही होती : 'ब्रश केल्यावर माउथवॉश.' चिठ्ठीतलं सोपं तेवढं यांनी उचललं होतं आणि बाकीचं सोयीने विसरले होते. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिने पर्समधून एक लाल गोळी काढली. दवाखान्यात शाळेच्या मुलांना देतात तसली. "चावा, बाबा. गिळू नका. आता चूळ भरा."

बाबांनी तोंड उघडलं. चौदाच्या चौदा दात गडद गुलाबी झाले होते.

"अहो, हे काय!" मेट्रन ओरडली. "रंगवलेत की त्यांचे दात!"

"घासलेल्या दाताला हा रंग लागत नाही, बाई. साचलेल्या थराला लागतो. खरकटं भांडं नुसतं विसळून फळीवर मांडायचं, आणि पुन्हा म्हणायचं, भांडंच जुनं झालंय, टाकून द्या! तोंडाला पानं पुसलीत तुम्ही सगळ्यांच्या."

तिने एक वेष्टन फाडलं आणि घासायला बसली. हलक्या हाताने, आतून, बाहेरून, एकेक दात. गुलाबी फेस भांड्यात पडत होता, त्यात थोडं रक्तही होतं. हळूहळू दात दिसायला लागले.

"तुम्ही सांगितलं नाहीत का हो, बाबा?"

"सांगितलं की," बाबा म्हणाले. "या बाई म्हणाल्या, तोंडाला वास येतो का? वास तर येत नव्हता."

लेकीने सही न केलेला कागद मेट्रनच्या हातात परत ठेवला. "रोज असंच घासायचं, आणि त्यानंतर तुमचं निळं औषध. उद्यापासून सकाळ-संध्याकाळ मी येते. महिनाभराने आमचे डॉक्टर बघतील. तोवर गुरुवार-बिरुवार काही नाही."

शेजारच्या खाटेवरचे आजोबा मघापासून सगळं ऐकत होते. ते हळूच उठले, आपलं कपाट उघडलं आणि आतून चार ब्रश काढून लेकीपुढे धरले. चारही वेष्टनातच होते.

"घे, पोरी. तुझ्या बाबांना होतील." बोळक्या तोंडातून त्यांचे शब्द नीट उमटत नव्हते. "माझे मागच्या गुरुवारी काढले."