वाघोबाचं माप

दुपारी तीनला साहेब नव्या तलावाचा नकाशा घेऊन जव्हारहून ठाण्याला निघाले. कार्यालयात नीताच्या संगणकावर तो अजून उघडा होता. स्कॅन केलेला जुना गावनकाशा तिने त्यावर ठेवून पारदर्शक केला होता. खालची पाण्याची निळी रेषा भिकाच्या पाड्यावरून जात होती. “म्हंजे आमी पान्यात, बाय?” मागे उभ्या भिकाने विचारलं. “चित्र मापात बसवलंय, काका. विहीर ते वाघोबाचा दगड, मीच टेपने मोजलं.” “वाघोबा?” भिका हसला. “तो पुरात जायला लागला, तवा आमी उचलून वर नेला. देवाला बुडवायचा काय?” नीताचा माउसवरचा हात थांबला. जुन्या नकाशातला दगड खालचा होता, तिने मोजला होता तो वर नेलेला; त्या चुकीच्या अंतराने नकाशावर गावच ताणलं गेलं होतं. “हद्दीचा दगड तरी जागेवर आहे का?” “तो सरकारचा. त्याला कोन उचलील?” पाड्याकडे जाणाऱ्या पाचच्या सूर्यमाळ एसटीत ती पुन्हा मोजायला टेप घेऊन भिकाशेजारी बसली. नकाशा चुकल्याचं सांगायला ती लावत असलेला साहेबांचा फोन तोवर लागला नव्हता.