पुराव्यासकट उडी

"कुणाला खरं वाटणार नाही," गालाला साबण लावलेले तात्या सलूनच्या खुर्चीतून म्हणाले, "पण व्हिडिओ गेममधला माझा गडी काल स्केटबोर्डसकट कोर्टाच्या सगळ्या पायऱ्या एका उडीत उतरला. मारुतीरायाचा समुद्र त्याच्यापुढे ओढा!"

बाकावरची मंडळी हसली. तात्यांच्या थापा गावाला पाठ होत्या. पण आज पहिल्यांदाच त्यांच्याकडे पुरावा होता, मोबाइलमध्ये.

व्हिडिओ जुळवायला नातीनं शिकवलं होतं. "आजोबा, नुसत्या कसरती दाखवल्या की बघणारा कंटाळतो. मधेमधे आजूबाजूचं घाला. फिरणारं चाक, दिव्याचा खांब, कबुतरं." तात्यांनी आठवडाभर गेममधला कॅमेरा फिरवून हे सगळं टिपलं. गडी तेवढा दरवेळी पायऱ्यांवर तोंडघशी पडायचा. पण त्यावरही तात्यांना त्याच शिकवणीत उपाय सापडला.

न्हाव्यानं वस्तरा ठेवून व्हिडिओ पाहिला. वरून गडी सुसाट आला. भुर्रकन कबुतरं उडाली. खाली गडी डौलात निघून गेला.

"आयला, खरंच की!" बाकावरून आवाज आला. तात्यांचा हात ऐटीत मिशीकडे गेला आणि साबणानं माखला.

न्हाव्यानं व्हिडिओ पुन्हा लावला.

"तात्या, उडाली ती कबुतरं. तुमच्या गड्याची उडी कुठाय?"