थैली रिकामी म्हणण्याआधी

"रडून घे, बाई. पोटात दाबून ठेवू नकोस," आई म्हणाली आणि लेकीच्या केसांतून हात फिरवत राहिली. लेक खाटेच्या कडेवर बसली होती, डोळे सुजून लाल. जावई खिडकीशी उभा राहून चौथ्यांदा चष्मा पुसत होता.

आई टपाल कचेरीत पत्रं लावायची. काल सकाळी खणांत पत्रं टाकता टाकता तिच्या खांद्यात कळ आली, आणि त्यानंतर तासाभरात सगळं घर दवाखान्यात.

चार वर्षांपूर्वी लेकीवर मोठं ऑपरेशन झालं, तेव्हापासून घरात पाळण्याचं नाव कुणी काढत नव्हतं. मग उपचारांनी वाट काढली. दोन गर्भ ठेवले. तपासणीचा कागद बघून डॉक्टरीणबाई हसल्या, तेव्हा आईला स्वर्ग दोन बोटं उरला.

आणि काल हे. गर्भ वाट चुकून नळीत रुजला, नळी फुटली.

डॉक्टरीणबाई लेकीला म्हणाल्या, "नळी काढावी लागली. पण जीव वाचला, ते मोठं. सिस्टर, गर्भ टिकायची इंजेक्शनं आता बंद."

"थांबा," आई म्हणाली. "दोन ठेवले होते ना? नळीत एकच सापडला."

"दुसरा रुजला नसणार. नळीत एक आणि गर्भपिशवीत एक, असं हजारांत एखादीचं होतं. काल तर इतकं रक्त साचलं होतं, की आतलं काही दिसलंच नाही."

"दिसलं नाही म्हणजे नाही, असं कसं? आम्ही थैली उलटी करून झटकतो, मगच रिकामी म्हणून सही करतो. शिवणीत अडकलेली किती पत्रं मी पोचवलीत!"

"आई, हे काय टपाल आहे?" लेकीचा आवाज चिरकला. "नको गं आता आशा."

जावयाला तेवढ्यातही हसू फुटलं. "सोडणार नाहीत त्या. मुलगी देताना माझेही खिसे उलटे करून पाहिले होते."

आईने लेकीचा हात घट्ट धरला आणि तिला लहानपणी झोपवताना म्हणायची ती ओळ पुटपुटली:
"सांडलं ते सांडलं गं, ओंजळ उघड बाई,
तळाशी एक दाणा, त्याचं रान होई…"

डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा सोडला. "बरं. इंजेक्शन बंद करण्याआधी एकदा बघते."

यंत्र खाटेजवळ आलं. पडद्यावर राखाडी धुकं पसरलं. मग डॉक्टरीणबाईंचा हात थबकला. धुक्यात एक इवला ठिपका लुकलुकत होता. विझत नव्हता.

"सिस्टर," त्या हळूच म्हणाल्या, "इंजेक्शनं चालू ठेवा."

आई हर्षाने उठायला गेली, तशी लेकीने तिला दोन्ही हातांनी खाटेवर दाबून धरलं.

"हलू नकोस, आई! माझं बाळ आहे तुझ्या पोटात."