बसलेला आवाज

"तुझ्या आवाजाला काय झालं?" वेदिकाने विचारलं.

नळावर बाटली भरणाऱ्या मुलीने गळ्यावर हात ठेवला. "बसला," ती कुजबुजली. "कालच्या सरावात."

छात्रसेनेच्या संचलन स्पर्धेसाठी नाशिकच्या मैदानावर सकाळपासून जिल्ह्यातल्या तुकड्या उतरत होत्या. वेदिका सटाण्याच्या तुकडीची प्रमुख. तिचं 'सावधान' पलीकडच्या रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. गेली दोन वर्षं विजेतेपदाची ढाल सटाण्याकडेच होती. नळावरची शहनाज नाशिकच्याच एका नव्या तुकडीची प्रमुख. जी जिंकेल, ती मुंबईच्या संचलनात जिल्ह्याचं नेतृत्व करणार होती.

"मग कमांड दुसरीला दे ना."

शहनाज हसली. "माझ्या पोरींना नाय जमायचं ते."

वेदिकाला चैन पडेना. ती थेट परीक्षकांकडे गेली. पुण्याहून आलेले कर्नलसाहेब खुर्चीत बसून चहा घेत होते.

"सर, शहनाजच्या तुकडीला शेवटी घ्या. तेवढाच तिच्या घशाला आराम."

"प्रतिस्पर्ध्यासाठी सवलत मागतेस?"

"हरवायचं तर धडधाकट माणसाला हरवावं, सर."

कर्नलसाहेबांनी मान डोलावली.

परत येताना वेदिकाने शहनाजच्या मुलींना मागूनच "ऑल द बेस्ट" म्हटलं. एकीनेही वळून पाहिलं नाही. भारीच घमेंडी दिसतात, तिला वाटलं. तेवढ्यात लाउडस्पीकर कर्कश किंचाळला. मैदानभर पोरांनी कान झाकले. शहनाजची रांग मात्र जागची हलली नाही. शिस्त कडक आहे, वेदिकाने मनात मान्य केलं.

सटाण्याची तुकडी झकास चालली. वेदिकाच्या प्रत्येक कमांडला टाळ्या पडल्या. ढाल आपलीच, तिच्या मुली म्हणू लागल्या.

शेवटी शहनाज मैदानात उतरली. तिने तोंड उघडलं, पण नुसती हवाच बाहेर आली. गर्दीत कुणीतरी फिदीफिदी हसलं. तिने कर्नलसाहेबांकडे पाहून हाताने खूण केली, अशा खुणांनी चालेल का? त्यांनी होकार दिला.

शहनाजचा उजवा हात वर गेला. सगळ्या टाचा एकदम आपटल्या.

तुकडी निघाली. हात खाली आला की थांबली, मनगट फिरलं की वळली. शहनाजकडे पाठ फिरल्यावरही कुणाचं पाऊल चुकलं नाही. जणू एकीच्या पायाचा हादरा जमिनीतून दुसरीला पोचत होता. फिदीफिदी हसणं केव्हाच थांबलं होतं. मंचासमोर सगळ्या माना एका झटक्यात उजवीकडे वळल्या आणि मैदान उठून उभं राहिलं. ढाल गेली, हे वेदिकाला कळलं. तरी सगळ्यात जोरात टाळ्या तीच वाजवत होती.

ढाल देताना कर्नलसाहेब खूश होते. "शाब्बास! ऐन वेळी आवाज गेला आणि एका रात्रीत तू अख्खी तुकडी खुणांवर आणलीस. कशी गं?"

शहनाजचे ओठ हलले, पण कुणालाच काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या क्रमांकाचा चषक घेऊन शेजारी उभ्या असलेल्या वेदिकाने कान पुढे केला. "मला सांग, मी बोलते तुझ्या वतीने."

शहनाज कुजबुजली. वेदिका ताठ झाली. तिने मागे उभ्या, हसऱ्या मुलींकडे एकदा पाहिलं. जिल्ह्यातला सगळ्यात मोठा आवाज पहिल्यांदाच अडखळला.

"सर, ती म्हणतेय, खुणा पहिल्या दिवसापासूनच आहेत. आवाज फक्त परीक्षकांसाठी असतो. तिच्या तुकडीतल्या एकाही मुलीला ऐकू येत नाही."